मेल सर्व्हरचा टेस्ट सूट: पोचलेला मेल नव्हे, अडलेला मेल तपासा

विचारलंय ते थोडक्यात असं. नाशिकच्या अंबडला सहा जणांची टीम आहे, एक्झिम या मेल सर्व्हर प्रोग्रॅममध्ये स्वतःचे थोडे बदल करून ग्राहकांना मेल सर्व्हर उभे करून देते. बदल झाला की कुणीतरी जीमेलवरून दोन मेल टाकतं, इकडून दोन उत्तरं जातात, आणि ‘चालतंय’ म्हणून बदल ग्राहकाकडे रवाना होतो. एक्झिमसोबत येणारा टेस्ट सूट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तपासण्यांचा संच, एकदा चालवून पाहिला, निम्म्याहून जास्त टेस्ट पडल्या, म्हणून तो नाद सोडला. तर तो नीट कसा चालवायचा, की स्वतःचाच लिहायचा, आणि उभा राहिल्यावर रोज बघायचं कुणी?

जीमेलवरून दोन मेल पाठवून एवढंच कळतं की सगळं ठीक असताना सर्व्हर ठीक चालतो. तेवढं तर कुठलाही सर्व्हर करतो. आपल्याला पैसे मिळतात ते बाकीच्या वेळेसाठी: समोरचा ‘नंतर या’ म्हणतो, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) गप्प बसतो, डिस्क भरते, निम्मा मेल आल्यावर लाइन तुटते. तुमच्या टेस्टपैकी निम्म्याहून जास्त टेस्ट अशा ‘नाही’च्या हव्यात.

हे मी फटका खाऊन शिकलो. द्राक्षाचा हंगाम होता. पिंपळगावकडच्या एका निर्यातदाराचा मेल आमच्याकडे होता. कंटेनर निघाला, कागदपत्रं नेदरलँड्सच्या खरेदीदाराला मेलने गेली. तिकडे ग्रेलिस्टिंग होतं, म्हणजे अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा ४५१ (‘आत्ता नाही’चा कोड) देऊन परत पाठवायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा आला तर आत घ्यायचं. आदल्या आठवड्यात आम्ही रीट्रायच्या, म्हणजे पुन्हा पाठवून बघण्याच्या, नियमात एक ओळ बदलली होती, तिच्यामुळे ते ४५१ कायमचा नकार धरलं गेलं. बरं, बाउन्स, म्हणजे मेल पोचला नसल्याची सूचना, तरी यायला हवा होता. बाउन्सचा पाठवणारा रिकामा असतो, आणि आमच्याच फिल्टरमध्ये ‘पाठवणारा रिकामा असेल तर अडवा’ असा कुणीतरी शहाणपणा करून ठेवलेला. दोन दिवस कुणालाच काही कळलं नाही. आमचा टेस्ट सूट त्या दोन्ही दिवशी हिरवागार होता, कारण समोरचा म्हणून बसवलेला आमचा खोटा सर्व्हर प्रत्येक गोष्टीला २५०, म्हणजे ‘ठीक’, म्हणायचा. फार सज्जन होता तो.

आता तुमच्या पडलेल्या टेस्टकडे. एक्झिम १९९५ साली केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी लिहायला घेतला आणि त्याचा टेस्ट सूट त्याच घडणीचा आहे: जुना, खोल, आणि मशीनच्या बाबतीत अत्यंत खोडसाळ. निम्म्या टेस्ट एकदम पडतात तेव्हा दोष बहुधा कोडमध्ये नसतो, मशीनच्या मांडणीत असतो. माझा अंदाज, तुम्ही सोर्स तुमच्या होम डायरेक्टरीत उघडला असणार. टेस्ट चालू असताना एक्झिम स्वतःच्या युजरखाली उतरतो, आणि त्या युजरला टेस्टच्या फोल्डरपर्यंत चालत जाता आलं पाहिजे. उबंटूने २१.०४ पासून होम डायरेक्टरी इतरांना बंद केली, ७५० परमिशन. झालं, वाटेतच दार बंद. ‘नेमआय’ कमांडला ‘-l’ आणि टेस्ट फोल्डरचा पूर्ण पाथ द्या, ती पायरीपायरीने परमिशन दाखवते. कुठल्या पायरीवर अडलंय ते दोन सेकंदांत दिसेल. मी सरळ ‘/’ च्या खाली एक वेगळी डायरेक्टरी करतो आणि घराबाहेरच संसार मांडतो.

दुसरं, चालवणारा युजर रूट नको, पण त्याला पासवर्ड न विचारता सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) मिळायला हवं आणि तो एक्झिमच्या ग्रुपमध्ये हवा. त्यासाठी वेगळा युजर काढा, आणि वेगळं मशीनच घ्या, व्हर्च्युअल चालेल. बिनपासवर्डचं सुडो रोजच्या लॅपटॉपवर ठेवायची गोष्ट नाही.

तिसरं बिल्डच्या वेळचं, आणि इथे बहुतेक जण गळपटतात. एक्झिमला कमांड लाइनवरून पर्यायी कॉन्फिग दिली तर तो रूटचे अधिकार टाकून देतो, ती फाइल विश्वासू यादीत असेल तरच ठेवतो. ही सक्ती २०१० च्या डिसेंबरमध्ये गाजलेल्या सुरक्षेच्या भगदाडानंतर, ४.७३ मध्ये आली. टेस्ट सूट तर प्रत्येक टेस्टला वेगळी कॉन्फिग देतो. म्हणून बिल्ड करतानाच लोकल मेकफाइलमध्ये त्या यादीचा पाथ लिहावा लागतो, ‘ट्रस्टेड कॉन्फिग लिस्ट’ या नावाची सेटिंग. लिनक्स डिस्ट्रोचं तयार पॅकेज टाकून सूट चालवायला गेलात तर हे बहुधा जमणार नाही. टेस्टसाठीचं बिल्ड आपलं आपण करायचं.

याशिवाय मशीनला लूपबॅक सोडून एक खरा आयपी हवा. बिल्डमध्ये नसलेल्या सोयींच्या टेस्ट सूट स्वतःच वगळतो, त्या ‘पडल्या’ म्हणून मोजू नका.

सूट नेमकं काय करतो हे एकदा वाचून ठेवलेलं बरं, कारण आपला सूट लिहिताना त्यातलीच अक्कल उसनी घ्यायची आहे. तो एक्झिमच्या बायनरीची एक प्रत काढतो आणि तिच्यातली एक स्ट्रिंग बदलतो, ‘रनिंग’च्या जागी ‘टेस्टिंग’. एवढ्याने प्रोग्रॅमला कळतं की आपण पिंजऱ्यात आहोत, आणि तो खऱ्या डीएनएसऐवजी सूटसोबतच्या खोट्या नेमसर्व्हरला विचारतो. त्यात खास नावंही आहेत: ‘टेस्ट डॉट अगेन डॉट डीएनएस’ने संपणारं नाव विचारलं की ‘आत्ता सांगता येत नाही’, ‘टेस्ट डॉट फेल डॉट डीएनएस’ विचारलं की कायमचं अपयश. डीएनएसच्या या दोन ‘नाहीं’मधला फरक ज्या सर्व्हरला कळत नाही, तो एके दिवशी चांगले मेल बाउन्स करणार हे धरून चाला. (ती बदललेली बायनरी चुकून ग्राहकाकडे जाऊ देऊ नका. हसू नका, पॅकेज बनवणाऱ्या स्क्रिप्टने चुकीच्या फोल्डरमधली फाइल उचलायला कितीसा वेळ लागतो.)

मग स्वतःचा सूट लिहायचा का? हो, पण त्याऐवजी नाही, त्याच्या जोडीला. एक्झिमचा सूट एक्झिमचं सी कोड तपासतो. तुमच्या ग्राहकाकडे जे मोडतं ते नव्वद टक्के वेळा कॉन्फिग असतं, आणि ती तुमची आहे. सी कोडला हात लावलात तर त्याची टेस्ट त्यांच्याच पद्धतीने त्यांच्याच सूटमध्ये घाला. कॉन्फिगसाठी पायथन आणि पायटेस्ट पुरे. चौकटीवरून वाद घालत बसू नका; मी पर्लमध्येही लिहिलंय, शेलमध्येही, कशानेच फार फरक पडला नाही.

फरक पडतो तो पिंजऱ्याने. टेस्टमधून एकही बाइट बाहेरच्या जगात जाता कामा नये. पूर्वी एकदा ‘खऱ्या डेटावर टेस्ट करू’ म्हणून एका ग्राहकाचा स्पूल फोल्डर, म्हणजे रांगेतल्या मेलचा साठा, जसाच्या तसा टेस्ट मशीनवर आणला. रांगेतले मेल पाठवणारा क्यू रनर चालूच होता. मी चहाला खाली गेलो आणि वर येईपर्यंत त्याने इमानदारीने जुने मेल पुन्हा वाटून टाकले होते, काही तर पगाराच्या पत्रकांचे. त्यानंतर माझा नियम: टेस्ट मशीनवरून बाहेर जाणारा पोर्ट २५, ४६५ आणि ५८७ फायरवॉलवर आधी बंद, मग बाकीचं इन्स्टॉलेशन. आणि पहिली टेस्ट हीच, की बाहेर कनेक्शन करायला जा आणि ते जमता कामा नये.

नावं आणि पत्तेही राखीव वापरा. ‘टेस्ट डॉट कॉम’ हे कुणाचं तरी खरं डोमेन आहे. इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी २६०६ ने १९९९ पासून ‘डॉट टेस्ट’, ‘डॉट एक्झाम्पल’, ‘डॉट इनव्हॅलिड’ ही शेपटं याच कामाला बाजूला काढून ठेवली आहेत. आयपीसाठी आरएफसी ५७३७ ने तीन पट्टे दिलेत: १९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ ने सुरू होणारे.

हे पट्टे मी लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये, म्हणजे एकाच मशीनवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये, वाटतो. एका नेमस्पेसमध्ये आपला सर्व्हर, एकात ग्राहकाचं ऑफिस, एकात ‘परकं जग’. एवढा खटाटोप का, सगळं लोकलहोस्टवर का नाही? कारण लोकलहोस्टला रिले करायची, म्हणजे आपल्यामार्फत बाहेर मेल पाठवायची, परवानगी जवळपास प्रत्येक कॉन्फिगमध्ये असते. तिथून टेस्ट केलीत तर ‘परक्याने परक्याला पाठवलेला मेल नाकारा’ ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट तुम्हाला लिहिताच येत नाही. मी अशी कॉन्फिग पाहिलीय जिच्या टेस्ट सगळ्या पास होत्या आणि सर्व्हर ओपन रिले होता, म्हणजे कुणाचाही मेल कुणालाही पाठवत होता. २०३.०.११३.५ वरून आलेल्या परक्याला आरसीपीटी टू या, म्हणजे प्राप्तकर्ता सांगायच्या, टप्प्यावरच ५५०, म्हणजे कायमचा नकार, मिळाला पाहिजे. तसंच, नसलेल्या मेलबॉक्सला तिथल्या तिथे नकार हवा. आधी घेऊन मग बाउन्स पाठवाल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असताना तो बाउन्स तिसऱ्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतो.

आता त्या सज्जन सर्व्हरची जागा घेणारा दुष्ट सर्व्हर. पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सर्व्हरच्या सोर्ससोबत ‘एसएमटीपी-सिंक’ नावाचं छोटं साधन येतं, त्याला सांगता येतं की अमुक कमांडला ४ ने सुरू होणारा नकार दे, तमुकला ५ ने सुरू होणारा, इथे न बोलता फोन ठेव, तिथे इतके सेकंद रेंगाळ. बहुतेक गरज त्यानेच भागते. जास्त नखरे हवे असतील तर पायथनचं ‘एआयओएसएमटीपीडी’. जुने लेख ‘एसएमटीपीडी’ मॉड्यूल वापरतात, ते पायथन ३.१२ मधून काढून टाकलंय, तिकडे जाऊ नका.

दुष्टपणाची माझी आवडती तऱ्हा: मेलचा मजकूर संपल्याचा शेवटचा टिंब घ्यायचा, आणि २५० द्यायला मुद्दाम खूप उशीर करायचा. आरएफसी ५३२१ म्हणतं की पाठवणाऱ्याने या ठिकाणी १० मिनिटं थांबावं. अधीर सर्व्हर दोन मिनिटांत कंटाळतो, लाइन तोडतो, थोड्या वेळाने पुन्हा पाठवतो. समोरच्याने मात्र पहिला मेल घेतलेला असतो. ग्राहकाची तक्रार येते, ‘एकच बिल चार वेळा गेलं’. ही भानगड १९८८ च्या आरएफसी १०४७ मध्ये लिहून ठेवलेली आहे, तरी टाइमआउट ‘जरा कमी करू’ म्हणणारा भेटतोच. दहा मिनिटं टेस्टमध्ये थांबायची गरज नाही. चालू कॉन्फिगमधून टाइमआउटची किंमत वाचून ती ६०० सेकंदांहून कमी नाही एवढं एका टेस्टमध्ये बघा, आणि वागणूक वेगळ्या टेस्टमध्ये, छोट्या टाइमआउटवर तपासा. रीट्रायचंही तसंच. नियम चार-पाच दिवसांचे असतात, टेस्टच्या कॉन्फिगमध्ये तेच नियम सेकंदांवर आणायचे. फक्त नियमांचा साचा एकच ठेवा आणि आकडे बाहेरून भरा, नाहीतर टेस्ट एका कॉन्फिगची आणि ग्राहकाकडे दुसरीच.

त्याच टिंबाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. टिंबानंतर तुमच्या सर्व्हरने २५० दिलं, की तो मेल तुमच्या गळ्यात. त्या क्षणानंतर हरवला तर दोष तुमचा. म्हणून टेस्ट: मेल द्या, २५० वाचल्याबरोबर प्रोसेसला किल ९ (तडकाफडकी मारणं), पुन्हा सुरू करा, मेल क्यूमध्ये सापडलाच पाहिजे. उलट बाजूने, २५० च्या आधी मारलं तर मेल दोनदा आला तरी चालेल, शून्य वेळा नको. पण एक लक्षात घ्या, किल ९ म्हणजे वीज जाणं नव्हे. प्रोसेस मेली तरी कर्नलच्या मेमरीत पडलेला डेटा नंतर डिस्कवर जातोच, त्यामुळे एफसिंक (डेटा लगेच डिस्कवर लिहायला लावणं) विसरलेला सर्व्हरही ही टेस्ट पास होतो. खरी परीक्षा व्हर्च्युअल मशीनचा प्लग ओढण्याची, होस्टवरून सरळ ‘डिस्ट्रॉय’. पहिल्या वळवाच्या पावसात अंबड-सातपूरला वीज कशी जाते ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि यूपीएसची बॅटरी त्याच दिवशी दगा देते हेही. ही टेस्ट आठवड्यातून एकदा, पन्नास वेळा लागोपाठ.

कच्च्या बाइटच्या टेस्टसाठी थोडा वेळ राखून ठेवा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एसएमटीपी स्मगलिंग (एका मेलच्या पोटात दुसरा लपवणं) बाहेर आलं तेव्हा पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल तिघेही सापडले. मूळ साधं आहे. मजकूर संपल्याची खूण म्हणजे सीआर-एलएफ (ओळ संपल्याचे दोन बाइट), टिंब, सीआर-एलएफ. काही सर्व्हर नुसत्या एलएफनंतरचा टिंबही खूण म्हणून चालवून घ्यायचे, काही तो मजकुरातलाच समजून पुढे ढकलायचे. पहिल्याने मजकूर म्हणून सोडलेलं दुसऱ्याला नवीन मेल वाटायचं, बनावट पाठवणाऱ्यासकट. याची टेस्ट लिहायला पायथनची ‘एसएमटीपीलिब’ घेतलीत तर फसाल. ती लायब्ररी सभ्य आहे: तुमची वाकडी लाइन एंडिंग सरळ करते, ओळीच्या सुरुवातीचा टिंब दुप्पट करते, आणि तुमचा विषारी मेल निर्मळ होऊन पोचतो. टेस्ट हिरवी. इथे सॉकेट उघडायचा आणि बाइट हाताने लिहायचे. त्याच फाइलमध्ये मर्यादाही तपासा: सीआर-एलएफ धरून १००० बाइटची ओळ जाते का, तिच्याहून मोठी दिल्यावर सर्व्हर काय करतो, १०० प्राप्तकर्ते घेतो का.

आता एक अशी गोष्ट जी परदेशातला कुणी तुमच्यासाठी तपासणार नाही. देवनागरी. आपल्या ग्राहकांचे विषय मराठीत असतात, आणि तुमचा सर्व्हर विषयाला हात लावतो: स्पॅमचा शिक्का पुढे जोडतो, रजेवर असल्याचं उत्तर पाठवताना मूळ विषय परत लिहितो. हेडरमध्ये मराठी एन्कोड होऊन जाते आणि एका तुकड्याची कमाल लांबी ७५ अक्षरं. त्यातली १२ खुणा आणि ‘यूटीएफ-८’ हे नाव लिहिण्यात जातात, उरली ६३. बेस६४ हे एन्कोडिंग चाराच्या गटात चालतं, म्हणजे ६०. ६० अक्षरांत मावतात ४५ बाइट. देवनागरीचा एक कोड पॉइंट (अक्षर, काना, हलन्त प्रत्येकी एक) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचा. म्हणजे एका तुकड्यात फक्त १५. आता ‘द्राक्षबागायतदार’ हा शब्द मोजा, हलन्त आणि काने धरून: बरोबर १६. शेवटचा ‘र’ पुढच्या तुकड्यात जातो. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा वाचताना गिळायची असते. ज्या स्क्रिप्टला हे माहीत नाही ती ‘द्राक्षबागायतदा र’ छापते. आणि जी स्क्रिप्ट कोड पॉइंट न बघता बाइटवर कापते ती तर अक्षराच्या पोटातूनच सुरी फिरवते, मग चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं. माझ्या सूटमध्ये हा शब्द कायमचा मुक्कामाला आहे.

त्याच्या शेजारी ‘कऱ्हाडकर’. यातला ‘ऱ’ एका कोड पॉइंटने लिहिता येतो, ‘र’ आणि नुक्ता जोडून लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाची अदृश्य जोडखूण अशीच मोळी बांधतात. पडद्यावर सगळं एकसारखं. पहिले दोन नॉर्मलायझेशनने (लिखाण एका ठरलेल्या रूपात आणण्याने) एक होतात, तिसरं होत नाही. फिल्टरमध्ये नाव एका पद्धतीने लिहिलं आणि मेल दुसऱ्या पद्धतीने आला की नियम लागत नाही, आणि माणूस शपथेवर सांगतो की नाव तेच आहे. ‘डॉट भारत’ डोमेन २०१४ पासून मिळतात, त्यामुळे पत्ताच देवनागरीत असलेला ग्राहक आज ना उद्या येणार. त्यासाठी एसएमटीपीयूटीएफ८ लागतं, २०१२ चं आरएफसी ६५३१. इथेही ‘नाही’ची टेस्ट आधी: समोरच्या सर्व्हरने ही सोय जाहीर केली नाही, तर तुमच्या सर्व्हरने पत्ता वाकडातिकडा करून रेटायचा नाही, पाठवणाऱ्याला नीट बाउन्स द्यायचा.

आलेल्या निकालाची तुलना कशाशी करायची, यावर पुढची पाच वर्षं ठरतात. एक्झिमचा सूट लॉग, बाहेर पडलेला मेल, स्क्रीनवरचं उत्तर हे सगळं जपून ठेवलेल्या फाइलींशी ओळ-न्-ओळ ताडतो. बदलत्या गोष्टी, म्हणजे वेळ, प्रोसेस नंबर, मेसेज आयडी, आधी पुसून ठरावीक खुणांनी भरतो. पद्धत उत्तम, पण पुसण्याचे नियम जपून लिहा. आमच्या सूटमध्ये मेसेज आयडी म्हणजे ‘६-६-२, मधल्या रेघा धरून १६ अक्षरं’ असं पक्कं कोरलेलं. ४.९७ मध्ये एक्झिमने आयडी लांबवला, ६-११-४, एकूण २३. अपग्रेडच्या सकाळी सगळा सूट लाल. वेळेचं तसंच: माझ्या मशीनवर +०५३० आणि कंटेनरमध्ये यूटीसी, त्यामुळे तारीख हेडरची टेस्ट माझ्याकडे पास आणि तिकडे नापास. सूटच्या सुरुवातीलाच टाइमझोन बांधून टाका, आणि एक टेस्ट मुद्दाम +०५३० वर ठेवा. अर्ध्या तासाचा झोन विसरलेला कोड अजून सापडतो.

फरक दिसला की एक्झिमचा सूट विचारतो: पुढे जायचं, फरक दाखवायचा, की जपलेली फाइलच नव्याने भरायची? त्या शेवटच्या पर्यायाची सवय वाईट. गोदावरीला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला. ती मोजपट्टी चालते, कारण मारुती जागचा हलत नाही. पाणी चढलं म्हणून दरवेळी मारुतीलाच उचलून वर ठेवायचं, तर नदीकाठी कशाला जायचं? आमच्याकडे नियम आहे की जपलेली फाइल बदलणारा कमिट (नोंदवलेला बदल) वेगळा, त्यात दुसरं काहीही नाही, आणि दुसऱ्या माणसाने त्यातली प्रत्येक ओळ वाचून सही करायची. कंटाळवाणं आहे. पण त्या निर्यातदाराच्या मेलचं ४५१ अशाच एका न वाचलेल्या बदलात दडलं होतं, हे मागाहून कळलं.

कधी पास कधी नापास होणाऱ्या टेस्टचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: कुणीतरी ‘स्लीप ५’ लिहिलेलं. पाच सेकंदांत मेल पोचेल अशी आशा. मशीनवर ताण आला की आशा मावळते. त्याऐवजी लॉगमध्ये त्या आयडीची ‘कम्प्लीटेड’ ही ओळ येईपर्यंत वाट बघा, वरून तीस सेकंदांची मर्यादा घाला, आणि मर्यादा संपली तर लॉगच्या शेवटच्या ओळी निकालातच छापा. ‘==’ म्हणजे पुढे ढकलला, ‘**’ म्हणजे कायमचा फसला; नापास टेस्टसोबत ही खूण दिसली की अर्धं निदान तिथेच होतं. आणि सर्टिफिकेट एक वर्षाचं बनवून विसरू नका. टेस्टची सर्टिफिकेट सूटच्या सुरुवातीला दरवेळी नवी बनवायची, त्यात एक मुदत संपलेलं आणि एक चुकीच्या नावाचं, मुद्दाम.

चालवायचं कधी? प्रत्येक कमिटला फक्त कॉन्फिगचा सूट, आणि तो पाच मिनिटांत संपलाच पाहिजे. सहावं मिनिट लागलं की लोक निकाल न बघता जेवायला जातात. रात्री एक्झिमचा पूर्ण सूट, तुमच्या बदलांसकट. शनिवारी वीज ओढण्याची टेस्ट, लोडची टेस्ट आणि अपग्रेडची, म्हणजे जुन्या आवृत्तीने भरलेला क्यू नव्या आवृत्तीने रिकामा करणं. ही शेवटची कुणीच करत नाही आणि ग्राहकाकडे पहिल्याच रात्री तीच लागते. लोडसाठी पोस्टफिक्सचंच ‘एसएमटीपी-सोर्स’ चालतं, समोर कुठलाही सर्व्हर असो. मेलबॉक्सच्या बाजूला डव्हकॉट (मेल वाचून देणारा सर्व्हर) असेल तर ‘आयमॅपटेस्ट’ जरूर बघा, एकाच मेलबॉक्सवर अनेक जण एकदम तुटून पडल्यावर काय होतं ते त्याच्याइतकं चांगलं कुणी दाखवत नाही. वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालवायचं झालं तर एक्झिमवाल्यांनी पोस्टग्रेसच्या बिल्डफार्मवरून स्वतःचा बनवलाय, स्वयंसेवकांच्या मशीनवर बिल्ड आणि टेस्ट होऊन निकाल एका ठिकाणी जमतात. तुमच्या ऑफिसात दोन जुनी मशीन पडली असतील तर त्याच धर्तीवर एकावर डेबियन, एकावर अल्मालिनक्स टाका.

आणि बघायचं कुणी. सहा जणांना मेल जाईल असं केलंत तर सहाही जण समजणार की दुसरा बघतोय. आमच्याकडे आठवड्याला एक माणूस, सोमवारी पाळी बदलते, व्हाइटबोर्डवर नाव. लाल दिसलं की त्याने दुरुस्त करायलाच हवं असं नाही. दुपारपर्यंत त्याने ठरवायचं, हा बदल परत घ्यायचा, की टेस्ट चुकीची आहे, की मशीनचं काही बिघडलंय, आणि ते एका ओळीत लिहून ठेवायचं. ‘नंतर बघू’ म्हणून टेस्ट बंद करायची असेल तर तिच्यापुढे तारीख घालायची, पंधरा दिवसांनी ती आपोआप पुन्हा चालू होते. ही आपोआपची सोय मीच एका रविवारी वैतागून लिहिली, तेव्हा अकरा टेस्ट ‘तात्पुरत्या’ बंद होत्या, सगळ्यात जुनी सव्वा वर्षाची.

सुरुवात करायला मोठा आराखडा नको. या आठवड्यात फक्त पाच टेस्ट लिहा: बाहेर कनेक्शन होत नाही, परक्याला रिले मिळत नाही, ४५१ नंतर मेल क्यूमध्ये राहतो आणि पुन्हा जातो, रिकाम्या पाठवणाऱ्याचा बाउन्स आपल्या माणसापर्यंत पोचतो, आणि २५० नंतर किल ९ करूनही मेल सापडतो. मग गेल्या वर्षभरातल्या ग्राहकांच्या तक्रारींची वही काढा आणि एकेक तक्रार टेस्टमध्ये उतरवा. एक्झिमचा सूट आधी वेगळ्या डायरेक्टरीत हलवून बघा. तरीही पडल्या तर पडलेल्यांपैकी सगळ्यात लहान नंबरची टेस्ट घ्या, फक्त तेवढीच चालवा आणि तिचा फरक वाचा. पुढच्या बऱ्याचशा तिच्याच कारणाने पडलेल्या असतात.